कार्बन फायबरचं कापड निवडताना: आधी ताणा-बाणा, मग किंमत

"प्रोजेक्टमध्ये कार्बन फायबर वापरायचंय, कुठलं कापड मागवू?" संशोधनाकडे वळणारे विद्यार्थी हा प्रश्न नेहमी विचारतात. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात महत्त्वाची गोष्ट राहून जाते: कशासाठी? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं, काळं चकचकीत आणि तिरप्या रेघांचं. मोबाईलच्या कव्हरवर, बाईकच्या मडगार्डवर दिसतं ते. मग ऑनलाइन जे दिसेल ते मागवलं जातं आणि सहा महिन्यांनी नमुने मशीनवर तुटायला लागले की प्रश्न परत उभा राहतो.

हा लेख त्या सहा महिन्यांसाठी आहे. आपल्याकडे विद्यार्थ्याच्या हातात आकस्मिक खर्चाची रक्कम मर्यादित असते. खरेदीला तीन कोटेशन लागतात आणि माल यायला कधीकधी दोन-तीन महिने जातात. चुकीचं कापड आलं तर पैसे जातात, आणि वेळ त्याहून जास्त जातो. फेलोशिपची मुदत मात्र कापडासाठी थांबत नाही. त्यामुळे मागणीपत्र भरण्याआधी एक संध्याकाळ या विषयाला द्या.

आधी धागा समजून घ्या

कार्बन फायबरचा एक तंतू साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा धरा. असे हजारो तंतू एकत्र करून एक जुडी बनते, तिला टो म्हणतात. लेबलवर ३के, ६के, १२के असं लिहिलेलं असतं. ३के म्हणजे एका जुडीत ३,००० तंतू, १२के म्हणजे १२,०००. हा आकडा ताकदीचा नाही, जुडी किती जाड आहे एवढंच तो सांगतो. "१२के जास्त स्ट्राँग असतं ना?" असं कुणी म्हटलं तर शांतपणे हे समजावून सांगा.

ताकद सांगणारा आकडा वेगळा. उदाहरणार्थ, जपानच्या टोरे कंपनीचा टी३०० हा जुना आणि सर्वाधिक अभ्यासला गेलेला फायबर. त्याची तन्यशक्ती सुमारे ३,५०० मेगापास्कल. टी७०० ची सुमारे ४,९००. पण दोघांचा लवचिकता गुणांक, म्हणजे ताठपणा, सारखाच: सुमारे २३० गिगापास्कल. तेव्हा तुमचा भाग वाकू नये एवढीच अपेक्षा असेल, तर टी७०० वर जास्त पैसे घालून ताठपणात काहीच फरक पडणार नाही. तुटू नये ही अपेक्षा असेल तर पडेल. आपल्याला यातलं काय हवंय, ते आधी वहीत लिहा.

तिसरा आकडा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. हा आकडा तुम्ही स्वतः पडताळू शकता. टी३०० च्या ३के जुडीचं वजन मीटरला सुमारे ०.२ ग्रॅम असतं. कापडावर पट्टी ठेवा आणि एका सेंटीमीटरमध्ये किती जुड्या आहेत ते मोजा. ५ आल्या तर मीटरला ५००. ५०० × ०.२ = १०० ग्रॅम उभ्या दिशेला, तेवढेच आडव्या दिशेला. एकूण २००. बाजारात ज्याला "२०० जीएसएम ३के" म्हणतात ते हेच.

ताणा आणि बाणा

आता विणीकडे येऊ. इथे आपल्याला नवीन शब्द शोधायची गरज नाही. नगर शहरात हातमागावर साड्या विणणाऱ्यांची मोठी परंपरा होती, आणि कोपरगावच्या शेजारी येवल्यात आजही पैठणीचे माग चालतात. मागावर ताणून बसवलेले उभे धागे म्हणजे ताणा. त्यातून धोट्याने नेलेले आडवे धागे म्हणजे बाणा. कार्बनचं कापडही असंच विणतात. फरक एवढाच की साडीत विणीने पोत आणि नक्षी ठरते, इथे विणीने वजन कुठून कुठे वाहून जाईल ते ठरतं.

कारण असं: तंतू सरळ असेल तरच तो पूर्ण ताकदीने ओढ घेतो. विणीत तो दुसऱ्या धाग्याच्या वरून-खालून जातो, म्हणजे लाटेसारखा वाकतो. ओढ बसली की आधी ती लाट सरळ व्हायला बघते आणि भोवतालच्या रेझिनवर ताण येतो. जितक्या जास्त लाटा, तितकं नुकसान. दाबाखाली हे नुकसान आणखी वाढतं, कारण वाकलेला तंतू दाबला की अजून वाकतो.

मग लाटा नकोतच, असं का म्हणू नये? कारण लाटा कमी केल्या की कापड सैल होतं, हाताळताना सुटतं, कापताना धागे निघतात. प्रत्येक वीण म्हणजे या दोन्हीमधली तडजोड आहे.

साधी वीण: एक धागा वर, एक खाली. लाटा सर्वांत जास्त, पण कापड घट्ट. कडा चटकन सुटत नाहीत. सपाट पत्रे आणि चाचणीचे पहिले नमुने यांच्यासाठी नवशिक्याला सोपी.

२×२ ट्विल: दोन वर, दोन खाली, प्रत्येक ओळ एका घराने सरकलेली. म्हणून त्या प्रसिद्ध तिरप्या रेघा. लाटा कमी, वळणदार साच्यावर चांगली बसते. दिसण्यासाठी हिला मागणी आहे, पण तिचा खरा गुण वळणावर बसणं हा आहे.

सॅटिन: आठ घरांच्या सॅटिनमध्ये धागा सात धाग्यांवरून जातो आणि एकाखालून. तंतू बरेच सरळ राहतात, कापड रेशमासारखं घसरतं, खोल वळणातही बसतं. पण तिच्या एका बाजूला ताणा दिसतो, दुसऱ्या बाजूला बाणा. थर रचताना बाजू लक्षात ठेवली नाही तर पत्रा सुकल्यावर पिळतो.

एकदिश कापड: जवळजवळ सगळे तंतू एकाच दिशेला, फक्त बारीक धाग्याने धरून ठेवलेले. लाटा नाहीत. त्या एका दिशेत सर्वोत्तम, आडव्या दिशेत जवळजवळ फक्त रेझिनची ताकद.

शिवलेलं बहुस्तर कापड: एकदिश थर वेगवेगळ्या कोनांत, उदाहरणार्थ +४५ आणि −४५ अंशांत, एकावर एक ठेवून पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेले. वीण नाही, त्यामुळे लाटा नगण्य. जाड भाग लवकर उभा करायला उत्तम.

विणलेली नळी: पायमोज्यासारखी. ओढली की बारीक होते, दाबली की फुगते. पाईप, ड्रोनचे हात, कृत्रिम पायाचा सॉकेट यांसाठी. व्यास बदलला की धाग्यांचा कोनही बदलतो, हे गणितात धरायला विसरू नका.

दिशा किती महत्त्वाची?

किती ते आकड्यांत बघू. ६०% तंतू असलेल्या एकदिश थराचा तंतूंच्या दिशेतला ताठपणा साधारण १३५ गिगापास्कल येतो, आडव्या दिशेत सुमारे ९. म्हणजे पंधरापट फरक. आता समजा, थर ठेवताना तुमचा हात जरा वाकडा गेला. नेहमीची सूत्रं वापरून, कातर गुणांक ५ धरून गणित केलं तर ५ अंशांच्या चुकीने १३५ चे सुमारे ११४ होतात. १० अंशांनी सुमारे ७८. दहा अंश म्हणजे घड्याळात दोन मिनिटांच्या खुणांएवढंही अंतर नाही, आणि ताठपणा चाळीस टक्क्यांहून जास्त गेला!

विणलेल्या कापडात तंतू दोन दिशांत वाटलेले असतात, त्यामुळे एका दिशेत ताठपणा ५५-६० च्या आसपास मिळतो. पण दोन्ही दिशांत मिळतो, आणि थोडी चूक पोटात घालतो. त्याच कापडाला ४५ अंशांत ओढलं तर ताठपणा साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. मात्र पिळाला तोंड द्यायला हेच ४५ अंश सर्वांत चांगले. म्हणून "कुठलं कापड मजबूत?" या प्रश्नाला उत्तर नसतं. "कुठल्या दिशेला?" हे विचारलं की उत्तर सापडतं.

वळणावर कापड कसं बसतं

हा प्रयोग घरीच करा. सुती रुमाल घ्या. धाग्याच्या दिशेने ओढा, ताणत नाही. आता कोपऱ्या-कोपऱ्याने तिरका ओढा, मस्त लांबतो. धागे लांबत नाहीत, त्यांच्यामधला काटकोन बदलतो. जुन्या बाजेचा चौकोन तिरपा होतो तसं. कार्बनचं कापडही गोलाकार साच्यावर असंच, कोन बदलूनच बसतं. एका मर्यादेनंतर धागे एकमेकांना भिडतात आणि मग सुरकुती पडते.

तोच रुमाल ओला करून उपड्या तांब्यावर बसवा. सुरकुती कुठे पडते बघा. तुमच्या साच्यावरही साधारण तिथेच पडणार. साधी वीण तिथे लवकर अडते, ट्विल थोडी उशिरा, सॅटिन त्याहून उशिरा. आणखी एक: वळणावर धाग्यांचा कोन ९० राहिलेला नसतो, मग तिथली ताकदही सपाट नमुन्यासारखी नसते. थीसिसमध्ये परीक्षक नेमकं हे विचारू शकतात.

पद्धत बदलली की कापडही बदलतं

२०० जीएसएम कापडात, घनता १.८ धरली तर, निव्वळ कार्बनची जाडी ०.११ मिलिमीटर येते. बाकीची जागा रेझिनची. हाताने ब्रशने लावलं तर आकारमानात तंतू साधारण ४०% येतात, एका थराची जाडी ०.२८. व्हॅक्यूम बॅग वापरली तर ५०%, जाडी ०.२२. प्रीप्रेग आणि ऑटोक्लेव्हने ६०%, जाडी ०.१८५. म्हणजे दहा थरांचा तोच पत्रा २.८, २.२ किंवा १.८५ मिलिमीटर. कापड तेच, तंतू तेवढेच, पण भागिले क्षेत्रफळ केलं की ताकदीचे आकडे दीडपटीने वेगळे दिसतात. एखाद्या पेपरमधल्या आकड्याशी तुमचा आकडा जुळत नसेल तर कापडाला दोष देण्याआधी तंतूंचं प्रमाण बघा.

पद्धत निवडताना आपली जागाही बघा. प्रीप्रेग म्हणजे आधीच रेझिन भरलेलं कापड. ते साधारण उणे १८ अंशांत ठेवावं लागतं. तालुक्याच्या गावात लाईट जाते आणि फ्रीजरला बॅकअप नसेल तर तो रोल दर दिवशी थोडा थोडा पिकत राहतो. तसंच एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीशीला गेला की एपॉक्सी डब्यातच तापून लवकर घट्ट होतं. जाड, घट्ट कापडात ते आत शिरायच्या आधीच अडतं. उन्हाळ्यात काम असेल तर सावकाश पिकणारा हार्डनर घ्या, थोडं थोडं मिसळा आणि सकाळी लवकर बसा.

सायझिंग हा शब्दही लक्षात ठेवा. तंतूंवर साधारण वजनाच्या १% इतका पातळ लेप असतो. तो तंतूंना जपतो आणि रेझिनशी जोडतो. बहुतेक बाजारी कापडांवर तो एपॉक्सीला जुळणारा असतो. तुम्ही पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टर रेझिन वापरणार असाल तर जुळणारा लेप मागा. आणि "स्वच्छ करून घेऊ" म्हणून कापड ॲसिटोनमध्ये बुडवू नका. लेप निघून जाईल.

आपल्या जिल्ह्यातली चार उदाहरणं

*फवारणी ड्रोनचा हात.* राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे शेतीतल्या ड्रोनबद्दल इकडे बरंच कुतूहल आहे. हाताच्या नळीवर दोन प्रकारचे भार येतात: टोकाच्या मोटरमुळे वाकणं आणि पीळ. वाकण्यासाठी लांबीच्या दिशेत एकदिश थर, पिळासाठी वरून ४५ अंशांची विणलेली नळी. ट्विलची गुंडाळी दिसेल छान, पण निम्मे तंतू नळीभोवती गोल फिरून बसतील आणि वाकण्यात उपयोगी पडणार नाहीत. शिवाय कार्बन वीज वाहतो आणि रेडिओ लहरी अडवतो. वायरचं आवरण घासू देऊ नका, जीपीएसचा अँटेना कार्बनच्या आत लपवू नका. ॲल्युमिनियमचा क्लॅम्प थेट कार्बनला लागला आणि फवारणीचं पाणी मिळालं की ॲल्युमिनियम गंजतं. मध्ये काच फायबरचा एक थर द्या.

*विद्यार्थ्यांची रेस कार.* नगरला डीआरडीओची वाहन संशोधन प्रयोगशाळा, व्हीआरडीई, आहे, आणि जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजांमध्ये गाड्या बनवणारे गट असतात. पुढच्या नाकाडाला फक्त हवा आणि खडे सोसायचे असतात. तिथे २०० जीएसएम ट्विलचे दोन थर बसतात, पण आधी विचारा की काच फायबर चालणार नाही का? तो जड आहे, ताठपणा कमी आहे, पण कितीतरी स्वस्त. वाचलेल्या पैशांत सस्पेन्शनच्या दांड्यासाठी चांगलं एकदिश कापड येईल, जिथे कार्बनची खरी गरज आहे.

*जुना काँक्रीटचा खांब.* सिव्हिलवाल्यांसाठी एकदिश कापडच. खांबाला तंतू गोल फिरतील असं गुंडाळायचं, कारण दाबाखाली काँक्रीट बाहेर फुगतं आणि ते फुगणं रोखायचं आहे. तुळईला मात्र खालच्या बाजूने, लांबीच्या दिशेत चिकटवायचं. चौकोनी खांबाचे कोपरे आधी गोल करा, नाहीतर तंतू कोपऱ्यावरच तुटतो.

*सुपरकॅपॅसिटरचा इलेक्ट्रोड.* रसायन आणि भौतिकशास्त्राच्या मित्रांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्या पेपरमध्ये ज्याला "कार्बन क्लॉथ" म्हणतात ती वस्तू वेगळी आहे. गाडीच्या कापडावरचा सायझिंगचा लेप तुमच्या द्रावणाला आत शिरू देत नाही. फ्युएल सेलसाठी मिळणाऱ्या काही कापडांवर पाणी दूर ठेवणारा टेफ्लॉनचा लेप असतो, पाण्यातल्या सुपरकॅपॅसिटरला तोच अडचणीचा. तेव्हा मागणीपत्रात "इलेक्ट्रोडसाठी, लेप नसलेलं" असं स्पष्ट लिहा. आणि नुसत्या कापडाचं मोजमाप वेगळं करून ठेवा, नाहीतर धारितेतलं तुमच्या पदार्थाचं किती आणि कापडाचं किती, सांगता येणार नाही.

मागणीपत्रात काय लिहायचं

खरेदी विभाग सर्वांत कमी किमतीचं कोटेशन मंजूर करतो. त्यात त्यांचा दोष नाही, नियमच तसा आहे. तुम्ही नुसतं "कार्बन फायबर कापड, ५ मीटर" लिहिलं तर नियमाप्रमाणे सर्वांत स्वस्त काळं कापड येईल. म्हणून वाक्य असं लिहा:

"कार्बन फायबर कापड, पॅन आधारित, ३के, २×२ ट्विल, २०० जीएसएम ± ५%, तन्यशक्ती किमान ३,५०० मेगापास्कल, एपॉक्सीला जुळणारं सायझिंग, रुंदी १ मीटर, सर्व माल एकाच लॉटमधला, उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकासह."

यातला प्रत्येक शब्द उद्या तुमच्या थीसिसच्या "साहित्य आणि पद्धती" प्रकरणात लागणार आहे. दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग परत करता यायला हवा असेल, तर एवढी माहिती कमीत कमी हवी.

किती मागवायचं? ३० × ३० सेंटीमीटरच्या दहा थरांच्या एका पत्र्याला ०.९ चौरस मीटर कापड लागतं. तीन प्रकारचे पत्रे, प्रत्येकी एक जादा, म्हणजे ५.४. कापताना वाया जाणारं धरून ६ ते ७. नमुन्याची रुंदीही विणीशी ताडून बघा. तन्यता चाचणीच्या एएसटीएम डी३०३९ मध्ये संतुलित थरांसाठी २५ मिलिमीटर रुंदी सुचवली आहे. १२के च्या जाड विणीत तेवढ्या रुंदीत मोजक्याच जुड्या येतात, आणि एक जुडी कडेला कापली गेली तरी निकाल हलतो.

माल आल्यावर तीन गोष्टी त्याच दिवशी करा. १० × १० सेंटीमीटरचा तुकडा कापून वजन करा. २०० जीएसएम असेल तर २ ग्रॅम भरायला हवं. मल्टिमीटरची टोकं जुडीच्या कापलेल्या टोकांना दाबून लावा. कार्बन वीज वाहतो, काळं रंगवलेलं काच कापड वाहत नाही. मग लॉट नंबरचा फोटो काढून वहीत लावा. वजन जुळलं नाही तर बिल मंजूर व्हायच्या आधी बोलता येतं, नंतर नाही.

कापताना कडेला मास्किंग टेप लावा आणि टेपवरून कात्री चालवा, धागे सुटणार नाहीत. घासताना मास्क आणि हातमोजे घाला. आणि ती धूळ संगणक व उपकरणांपासून लांब ठेवा. कार्बनची धूळ सर्किटवर बसली की शॉर्ट होतं, आणि ते उपकरण बहुधा सगळ्या विभागाचं असतं.

एवढं वाचून झालं असेल तर एक कोरा कागद घ्या. तुमच्या भागाचं साधं चित्र काढा आणि त्यावर बाण काढा: ओढ कुठून, दाब कुठून, पीळ कुठे. वळण कुठे खोल आहे तिथे गोल करा. खाली लिहा, हाताने करणार की व्हॅक्यूमने. हा कागद घेऊन गाईडकडे जा. कॅटलॉग नंतर उघडा. त्या पन्नास पर्यायांतले पंचेचाळीस तुमच्या बाणांनी आधीच बाद केलेले असतील.

तुमच्या प्रोजेक्टचं चित्र काढून झालं आणि दोन कापडांत अडकलात, तर बाणांसकट कळवा. पुढच्या लेखात रेझिन कसं निवडायचं ते बघू.